शांती मोजायची कशी? वसईच्या पडक्या चर्चमध्ये सापडलेला संशोधनाचा प्रश्न

मागच्या लेखात विषय कसा निवडावा यावर लिहिलं होतं. त्यावर एम.ए.च्या दोन-तीन मुलामुलींनी मला भेटून जवळपास एकच शंका विचारली: ‘ताई, विषय तर ठरला, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?’ शंका बरोबर आहे. विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्वतःला कळायला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष कसं गेलं ते आज सांगते. तुमचे निदान सहा महिने वाचावेत एवढीच अपेक्षा.

माझा विषय आहे तीर्थयात्रा. त्यातही वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये भरणारी, संत गोन्सालो गार्सियाच्या सणाची यात्रा. मी राहते उमरोळीला, पालघर आणि बोईसरच्या मधल्या छोट्या स्टेशनवर. मी ख्रिस्ती नाही. लहानपणापासून मला माहीत असलेली यात्रा म्हणजे डहाणूच्या महालक्ष्मीची, चैत्रातली. मग मी वसईच्या वाटेला लागले कशी, हे आधी सांगायला हवं, कारण चूक तिथूनच सुरू झाली.

प्रश्न सुचला तो दिवस

कोर्सवर्क चालू असताना माझे वडील गेले. त्यानंतरचे दोन महिने मी घरातच होते. एक दिवस कॉलेजच्या मैत्रिणीने फोन केला, ‘चल, वसईला सण आहे, आई पण येणारेय.’ नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले. उमरोळीहून विरारपर्यंत डहाणू लोकल, मग वसई रोड, तिथून वसई गाव आणि पुढे किल्ला.

किल्ल्यातल्या त्या चर्चच्या आत उभी राहिले. दगडी दर्शनी भिंत, तिच्या फटींतून उगवलेली रोपटी, आणि समोर मराठीत चाललेली मिस्सा. मधेच एक घार डोक्यावरून फिरून गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

त्याच रात्री घरी येऊन मी वहीत लिहिलं: ‘प्राचीन अवशेषांच्या ठिकाणी यात्रेकरूंना आध्यात्मिक शांती मिळते का?’ मला वाटलं, झाला माझा प्रश्न तयार. महिनाभरात सिनॉप्सिसही लिहून काढला.

गाईड मॅडमनी तो वाचला आणि शीर्षकाखाली पेन्सिलीने एवढंच लिहून परत दिला: ‘कुणाची शांती? तुला कशी कळणार?’

तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, माझ्या पीएचडीतला सगळ्यात उपयोगी शेरा तोच.

आधी जागा आणि माणूस

पुढचं समजायला थोडा इतिहास लागेल. थोडक्यात सांगते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांचं उत्तरेकडचं मुख्य शहर होतं. तटबंदीच्या आत सगळे मोठे धर्मसंघ होते: फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. प्रत्येकाचं चर्च, प्रत्येकाचा मठ. शिवाय संत जोसेफच्या नावाचं मोठं चर्च. त्याची १६०१ मध्ये नव्याने बांधणी झाली, असं तिथला शिलालेख सांगतो.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने आधी माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी घेतली आणि मे महिन्यात वसई घेतली. किल्ल्यातली पोर्तुगीज वस्ती उठली. शहर रिकामं झाल्यावर चर्चची देखभाल करणारं कुणी उरलं नाही. छपरं गेली, वड-पिंपळांनी भिंतींत मुळं घातली. किल्ल्याबाहेरच्या गावांमधले सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती मात्र कुठे गेले नाहीत. ते त्यांच्या शेता-वाड्यांत, समुद्रावर आणि आपापल्या चर्चमध्ये राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. इमारत पडली, पण समाज पडला नाही.

आता माणूस. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत जेझुइटांकडे शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा शिकला. पुढे काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचा दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला. तोयोतोमी हिदेयोशीच्या राजवटीत ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, तेव्हा तोही पकडला गेला. ऐन थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर मारण्यात आलं. १६२७ मध्ये त्याला धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या अवशेषांना आज लोक गोन्सालो गार्सिया चर्च म्हणून ओळखतात. सणाला आजूबाजूच्या धर्मग्रामांतून माणसं तिथे येतात आणि त्या उघड्या दगडांमध्ये मिस्सा होते.

माझा पहिला प्रश्न नापास का झाला?

‘यात्रेकरूंना शांती मिळते का?’ हा प्रश्न वाचायला छान आहे. अडचण कुठे आहे?

पहिली अडचण शब्दाची. ‘शांती’ म्हणजे काय? गोंगाट नसणं, मन हलकं होणं, पापक्षमा, की भांडण मिटणं? मी हे ठरवलंच नव्हतं. माझ्या डोक्यात माझी त्या दिवशीची अवस्था होती आणि तिलाच मी सगळ्यांची व्याख्या करून टाकलं होतं.

दुसरी अडचण माणसांची. ‘यात्रेकरू’ म्हणजे कोण? नऊ दिवस नोव्हेना करून आलेली आजी, तिला स्कूटरवर घेऊन आलेला नातू, मंडपाचं सामान आणणारा पोरगा, की मी?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. या प्रश्नाचं ‘नाही’ असं उत्तर यायला मी जागाच ठेवली नव्हती. सणाला आलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत की ‘शांती मिळाली का?’, तर तो काय म्हणणार? ‘हो’च म्हणणार. पाहुण्याला जेवण कसं झालं विचारावं, तसंच हे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो प्रश्न संशोधनाचा राहत नाही.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी काय केलं? प्रश्नावली केली. ‘इथे आल्यावर मला शांती मिळते’ असं विधान आणि त्यापुढे पाच घरं: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. याला लिकर्ट मापनश्रेणी म्हणतात. तुम्ही कोर्सवर्कमध्ये शिकलाच असाल. तिच्यात काही वाईट नाही. पण ज्या शब्दाचा अर्थच ठरलेला नाही तो पाच घरांत टाकला की पाचही घरांत धुकंच जमा होतं. माझी जवळपास सगळी पानं ‘पूर्ण सहमत’वर टिचकी मारून परत आली, आणि त्यातून मला नवीन असं काहीच कळलं नाही.

आधीच्या लोकांनी काय म्हटलंय?

मॅडमनी मग मला वाचायला बसवलं. या भागातली नावं तुमच्या सेट-नेटलाही येतात, म्हणून नीट सांगते.

सुरुवात आर्नोल्ड व्हान जेनेपपासून. त्याने १९०९ मध्ये संस्कारविधींचे तीन टप्पे सांगितले: रोजच्या जगापासून वेगळं होणं, मधली अवस्था, आणि पुन्हा सामील होणं. मधल्या अवस्थेसाठी त्याने वापरलेला शब्द लॅटिनमधल्या उंबरठ्यावरून आलाय. आपल्याला हे समजायला अवघड नाही. उंबरठ्यावरचा माणूस घरात नसतो आणि बाहेरही नसतो. म्हणून तर उंबरठ्यावर बसू नको, शिंकू नको असं घरचे सांगतात.

व्हिक्टर आणि एडिथ टर्नर या नवराबायकोने ही कल्पना ख्रिस्ती यात्रांना लावली. त्यांचं पुस्तक १९७८ चं. त्यांचं म्हणणं असं की यात्रेकरू घर, पद, हुद्दा मागे ठेवून निघतो आणि वाटेवर काही काळ सगळे सारखे होतात. या सारखेपणाच्या अनुभवाला त्यांनी ‘कम्युनिटास’ हा शब्द वापरला. मराठीत आपण ‘सहभाव’ म्हणू या.

आता इथे आपल्या घरचं उदाहरण आहे. इरावती कर्वे पंढरपूरच्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. १९६२ मध्ये त्यांचा तो लेख इंग्रजीतही आला, आणि टर्नरनी तो वाचलाही होता. कर्वेबाईंना वारीत माणसं जोडली गेलेली दिसली. पंढरीला जाणाऱ्या माणसांचा प्रदेश म्हणजे महाराष्ट्र, अशी त्यांची एक नवी व्याख्याच झाली. पण त्याच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हेही त्यांनी लपवलं नाही. त्याचा त्यांना त्रास झाला आणि तो त्यांनी लिहून ठेवला. म्हणजे सहभाव आहे, पण पंगती वेगळ्या आहेत. चांगलं निरीक्षण असं असतं. सिद्धांताला सोयीचं तेवढंच वेचत नाही.

पुढे १९९१ मध्ये जॉन ईड आणि मायकेल सॅलनॉ यांनी टर्नर यांच्यावर नेमकी हीच टीका केली. त्यांच्या मते यात्रास्थळ म्हणजे एकोप्याची जागा असं आधीच धरून चालू नये. एकाच जागेवर अनेक गट आपापला अर्थ घेऊन येतात आणि त्यांची ओढाताण चालू असते.

वसई किल्ल्यात हे उघड दिसतं. सणाचा एक दिवस सोडला तर तिथे कोण असतं? शाळेची सहल असते. लग्नाआधीचं फोटोशूट करणारी जोडपी असतात. चिमाजी अप्पांच्या विजयाची जागा म्हणून येणारे इतिहासप्रेमी असतात. किल्लाबंदर-पाचूबंदरचे कोळी असतात, त्यांच्यासाठी हा रोजचा रस्ता आहे. आणि ‘संरक्षित स्मारक’ अशी निळी पाटी लावलेलं पुरातत्त्व खातं असतं. दगड तेच. प्रत्येकाचा किल्ला वेगळा.

पडक्या जागेचं काय?

इथे माझ्या मनात आणखी एक गोंधळ होता. शांती त्या पडझडीमुळे वाटते की संतामुळे? त्यासाठी मला अलॉइस रीगल उपयोगी पडला. हा व्हिएन्नाचा कलेतिहासकार. १९०३ मध्ये त्याने जुन्या वास्तूंच्या ‘मूल्यां’ची मांडणी केली. त्यातली तीन आपल्या कामाची.

एक, इतिहासमूल्य. ही वास्तू कधीची, कुणाची, काय सांगते? हे कळायला अभ्यास लागतो. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर पुस्तक लिहिलं, थडग्यांवरचे लेख नोंदवले. ते काम या मूल्याचं.

दोन, वयमूल्य. नुसतं जुनेपण. झिजलेला दगड, शेवाळ, भिंतीतून आलेलं झाड. ते पाहून मनात काहीतरी हलतं, आणि त्याला काही शिकावं लागत नाही, असं रीगल म्हणतो. सगळं जातं, आपणही जाणार, हे डोळ्यांना दिसतं. वडील गेल्यावर मला त्या भिंतीपाशी जे वाटलं ते बहुतेक हेच.

तीन, उपयोगमूल्य. वास्तू आजही वापरात असणं. आणि गंमत अशी की दुसरं आणि तिसरं एकमेकांच्या विरोधात जातात. जुनेपण टिकवायचं तर हात लावायचा नाही. वापरायची तर दुरुस्ती हवी.

वसईच्या सणात हे दोन्ही एकाच सकाळी दिसतं. मला त्या उघड्या छपरातून आकाश दिसलं म्हणून बरं वाटलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकांना तेच आकाश खटकत होतं. ते म्हणाले, ‘छप्पर असतं तर म्हाताऱ्या माणसांना ऊन लागलं नसतं.’ मी अवशेष बघत होते, ते चर्च बघत होते.

पडक्या जागेला पुन्हा अर्थ येतो याचं गोव्यातलं एक उदाहरण सांगते आणि पुढे जाते. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिन चर्चचा उरलेला मनोरा तुम्ही पाहिला असेल. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात शिराझला मारली गेली. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणला, अशी नोंद होती. चर्च पडलं, नोंद कागदावर राहिली. या शतकात पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिथे अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला देण्यात आल्या. आपल्यासाठी जे ढिगारे होते ते दुसऱ्या एका देशासाठी तीर्थ होतं. मुद्दा असा की पावित्र्य दगडात साठवलेलं नसतं. माणसं आणि त्यांची आठवण ते पुन्हा पुन्हा तिथे आणतात. मग संशोधकाने दगडापेक्षा माणसांकडे जास्त बघायला हवं.

‘मिळाली काय, द्यावी लागली’

पुढच्या वर्षी मी प्रश्नावली घरी ठेवली. त्याऐवजी लोकांबरोबर चालत गेले. याला सोबत-चाल मुलाखत म्हणता येईल. मार्गारेट कुसेनबाख यांनी २००३ मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला आहे. समोरासमोर बसून विचारलं की माणूस ‘उत्तर’ देतो. बरोबर चालताना तो बोलतो. पाय दुखतात तेव्हा पायांबद्दल बोलतो, जुनं घर दिसलं की त्या घराबद्दल बोलतो.

मी ज्यांच्याबरोबर चालत होते त्या एक मावशी होत्या, वय सत्तरीच्या पुढे. किल्ल्याच्या दारापासून चर्चपर्यंत त्यांनी मला सुनेची तक्रार, केळीचे भाव आणि गुडघ्याचं औषध एवढं सगळं सांगितलं. परत येताना मी न राहवून तोच जुना प्रश्न विचारला, ‘मावशी, इथे आल्यावर शांती मिळते ना?’

त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘मिळाली काय, द्यावी लागली.’

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मिस्सामध्ये एक वेळ अशी येते की फादर सगळ्यांना एकमेकांना शांती द्यायला सांगतात. लोक आजूबाजूला वळतात, हात जोडतात, मान लववतात. मावशींच्या शेजारी नेमकी त्यांची जाऊ येऊन बसली होती. वाडीच्या वाटणीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद. हात जोडावे लागले. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय? तिनं पण जोडले. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आता वाटणी काय लगेच सुटणार नाय. पण येत्या रविवारी तिच्या घरी जाऊन येईन म्हणते.’

मी वहीत काही लिहिलं नाही. रिक्षा स्टँडपर्यंत गप्प चालत गेले.

दीड वर्ष मी ‘शांती’ म्हणजे आपल्या आत येणारी एक अवस्था असं धरून चालले होते. एकट्याने अनुभवायची गोष्ट, वाऱ्याच्या झुळकीसारखी. मावशींच्या भाषेत शांती ही द्यायची-घ्यायची गोष्ट होती. तिला समोर दुसरं माणूस लागतं. आणि ते माणूस आवडतं असेलच असं नाही.

याला संशोधनाच्या भाषेत एक जोडी आहे: एमिक आणि एटिक. केनेथ पाइक या भाषावैज्ञानिकाने १९५४ मध्ये ही मांडली. सोपं उदाहरण देते. ‘पळ’ आणि ‘फळ’ हे आपल्यासाठी दोन वेगळे शब्द. ‘प’ आणि ‘फ’ यांतला श्वासाचा फरक आपल्याला अर्थाचा वाटतो. इंग्रजी बोलणारा माणूसही कधी श्वास सोडून ‘प’ म्हणतो आणि कधी न सोडता, पण त्याला तो फरक ऐकूच येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. यंत्र लावलं तर फरक दोन्हीकडे मोजता येतो. बाहेरून मोजता येतो तो झाला एटिक फरक. आतल्या माणसांसाठी अर्थ बदलतो तो एमिक.

माझी पाच घरांची श्रेणी बाहेरची मोजपट्टी होती. मावशींनी मला आतला फरक दाखवला. एकच शब्द, पण मी ‘पळ’ ऐकत होते आणि त्या ‘फळ’ म्हणत होत्या.

पण थांबा, घाई नको

इथे माझ्यासारख्या नवशिक्या संशोधकाचा दुसरा पाय घसरतो. एक सुंदर गोष्ट मिळाली की वाटतं, झाला प्रबंध. मॅडमनी ही गोष्ट ऐकली आणि लगेच विचारलं, ‘शांती द्यायचा विधी प्रत्येक रविवारी गावातल्या चर्चमध्येही असतो ना? मग किल्ल्याचं काय विशेष?’

बिनतोड प्रश्न. तो घेऊन मी मावशींकडे पुन्हा गेले. त्या म्हणाल्या, गावच्या चर्चमध्ये जो तो आपल्या माणसांत बसतो. जाऊ उजवीकडे, आपण डावीकडे. वर्षानुवर्षं तेच. किल्ल्यात मात्र गर्दीत जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. कुणाची ठरलेली जागा नाही.

टर्नर यांचा उंबरठा मला इथे दिसला. पडक्या जागेत आपापल्या सवयीच्या जागा नाहीत, म्हणून एरवी न होणारी गाठ पडते. पण हे फक्त एका बाईचं म्हणणं. ते खरं की नाही हे पाहायचं तर विरोधी उदाहरणं शोधायला हवीत. ती मिळालीही. एका कॉलेजच्या मुलाने स्पष्ट सांगितलं, ‘मला काय शांती-बिंती वाटत नाही. ऊन असतं, गर्दी असते. आई म्हणते म्हणून येतो.’ एक काकू म्हणाल्या की त्यांच्या गल्लीतली सगळी मंडळी एकत्र येतात आणि एकत्रच बसतात, म्हणजे गावातल्या जागा त्यांनी किल्ल्यातही आणल्या. कर्वेबाईंच्या वेगळ्या पंगती मला इथे आठवल्या. ही दोन्ही उत्तरं माझ्या प्रबंधात मावशींइतक्याच जागेने येणार आहेत.

तर आता माझा प्रश्न असा आहे: ‘वसई किल्ल्यातल्या गोन्सालो गार्सियाच्या सणाला येणारे मराठीभाषक कॅथलिक “शांती” हा शब्द कशासाठी वापरतात, आणि त्या वापराशी पडक्या जागेचा काही संबंध आहे का?’ ‘काही संबंध आहे का’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं. आलं तरी काम फुकट जाणार नाही.

काही पाळायच्या गोष्टी

श्रद्धेच्या जागी फील्डवर्क करताना मी चार नियम पाळते.

परवानगी आधी घ्यायची, आणि समजेल अशा मराठीत. आजींपुढे छापील इंग्रजी फॉर्म ठेवून सही मागणं म्हणजे संमती नव्हे. तोंडी संमती कशी नोंदवायची हे तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीला विचारून ठेवा.

प्रार्थना चालू असताना फोन खिशात. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही. काही निसटलं तर निसटू दे.

घरची भांडणं लिहिताना ओळख लपवायची. वर सांगितलेल्या मावशींच्या बाबतीत मी वय, नातं आणि भांडणाचं कारण यांतले काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

चौथा नियम स्वतःसाठी. दोन वह्या ठेवा. एकीत जे पाहिलं-ऐकलं ते, दुसरीत तुम्हाला जे वाटलं ते. मी पहिल्या वर्षी एकच वही ठेवली होती, आणि माझं दुःख त्यात यात्रेकरूंच्या नावावर जमा झालं. आपल्या भावना फेकून द्यायच्या नाहीत. त्या कुठे आहेत हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

आता तुमची पाळी

तुमचा विषय तीर्थयात्रा नसेलही. तरी तुमचा प्रश्न या चार चाळण्यांतून घालून बघा.

पहिली: प्रश्नातला मुख्य शब्द कुणाचा आहे? तुमचा की तिथल्या माणसांचा? ‘विकास’, ‘परंपरा’, ‘सक्षमीकरण’, सगळ्यांना ही चाळणी लावा.

दुसरी: कोण, कुठे, कधी? ‘यात्रेकरू’ असं म्हणून चालत नाही. कुठल्या सणाला, कुठल्या गावचे, कुठली भाषा बोलणारे?

तिसरी: उत्तर ‘नाही’ येऊ शकतं का? येत नसेल तर तो प्रश्न नाही, ते तुमचं मत आहे.

चौथी: उत्तर कशावरून कळेल? काय पाहिलंत, काय ऐकलंत म्हणजे तुमची खात्री पटेल? आणि काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?

सराव म्हणून एक करा. तुमच्या जवळची एखादी जुनी जागा घ्या. आमच्याकडे तारापूरचा किल्ला आहे, केळव्याची शितलादेवी आहे. तुमच्याकडे एखादा दर्गा असेल, समाधी असेल, गावाबाहेरचा पडका वाडा असेल. तिथे तासभर बसा, कुणाला काही न विचारता. मग एका माणसाबरोबर तिथून त्याच्या घरापर्यंत चालत जा. घरी येऊन त्याने वापरलेले पाच शब्द लिहा, जे तुम्ही स्वतः वापरले नसते. त्या पाचांपैकी एकात बहुतेक तुमचा प्रश्न असेल.

वडिलांबद्दल विचाराल तर, मला त्या दिवशी किल्ल्यात जे वाटलं ते खोटं नव्हतं. ते दुसऱ्या वहीत आहे. वसईची लोकल पकडताना अजूनही ती वही बरोबर असते.

पुढच्या लेखात मुलाखतींचं लिप्यंतर कसं करायचं ते सांगेन, विशेषतः बोलीतल्या मुलाखतींचं. मावशींच्या सामवेदीने मला तिथे चांगलंच रडवलं आहे.